चढाच्या मधोमध

रविवार, १९ एप्रिल २००९. दुपारी दोन वाजून सतरा मिनिटांनी होलेबेर्खच्या चढावर, माथा एकशे साठ मीटरवर असताना, माझा डावा पाय पेडलवरून सुटला आणि दगडावर टेकला. माझ्या पुढे अकरा सायकली होत्या. त्या वर गेल्या. मागे बहात्तर होत्या. त्या सगळ्या थांबल्या.

हा दगडी फरसबंदीचा चढ अडीच मीटर रुंद आहे. डावीकडे खांद्याइतका उंच मातीचा बांध, उजवीकडे दीड हात गवत आणि मग काटेरी तार. पावसाने ओल्या झालेल्या त्या दगडांवर एकदा थांबलेला माणूस परत सायकलीवर बसू शकत नाही. मागचं चाक जागच्या जागी फिरतं. सायकल खांद्यावर घेऊन माथ्यापर्यंत पळायचं, एवढंच उरतं. सायकलपटूच्या बुटाच्या तळाला पेडलमध्ये अडकणारी टणक पट्टी असते. त्या बुटांनी पळणं म्हणजे शेवाळलेल्या घाटावर खडावा घालून पळणं.

माझ्या लगेच मागे शांतिनाथ बिरनाळे होता. त्याचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकाला लागलं आणि तो बांधावर आदळला. बांधावर उभ्या असलेल्या कुणाची तरी बीअर त्याच्या पाठीवर सांडली. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली नाही.

पंचांच्या अहवालात एक ओळ आली: एकशे सतरा क्रमांकाच्या खेळाडूचा पाय निसटल्याने चढ बंद पडला. एकशे सतरा म्हणजे मी, भरतेश मगदूम.

आम्ही दोघेही मिरजेजवळचे. आमचे प्रशिक्षक रेठरेकर सर आम्हाला तिकडे, परदेशात, घेऊन गेले होते. सांगली भागात सायकल शर्यतीत नाव काढलेला एकही माणूस असा नसेल, ज्याने सरांचा हात पाठीवर किंवा गालावर खाल्ला नसेल. फ्लँडर्समधल्या वेल्डेगेम गावच्या एका क्लबाशी त्यांचा पत्रव्यवहार होता. क्लबाची अट साधी होती. तीन आठवडे राहा, सराव करा, १९ तारखेची गावची शर्यत खेळा. पहिल्या तिसांत जो येईल त्याला सप्टेंबरपर्यंत ठेवून घेऊ. दोघेही आले तर ज्याचा नंबर वरचा तो. कुणीच नाही आलं तर दोघेही परत. क्लबाकडे खेळाडूसाठी एकच खोली होती.

मी तेवीस वर्षांचा होतो. शांत्या एकोणतीस. त्याला पुढच्या वर्षी कुणी बोलावणार नव्हतं, आणि हे तो स्वतःच सांगायचा.

आम्ही मार्सेल नावाच्या एकाहत्तर वर्षांच्या गृहस्थाकडे उतरलो होतो. त्याच्या अठरा गाई होत्या आणि तरुणपणी तो शर्यती खेळलेला होता. त्याचं इंग्रजी आमच्याइतकंच मोडकं असल्यामुळे आमचं चांगलं जमलं. पहिल्याच दिवशी त्याने आम्हाला चढावर नेलं. पायी.

"सायकली?" शांत्याने विचारलं.

"आज नाही. आज दगड बघा. तेही तुम्हाला बघतील."

तिकडचे लोक त्या दगडांना पोरांची डोकी म्हणतात. गोल, गुळगुळीत, दोन दगडांत बोट जाईल एवढी फट. मधोमध रस्ता किंचित फुगलेला असतो. तेवढी पट्टी त्यातल्या त्यात कोरडी. मार्सेल छत्री टेकत त्या पट्टीवरून चालला. उभं राहून पेडल मारायचं नाही, बसून मारायचं. हँडल घट्ट धरायचं नाही. चाकात हवा कमी ठेवायची. सरांना हे शेवटचं पटलं नाही, पण ते वहीत लिहून घेत होते.

"आणि मध्येच दम संपला तर?" मी विचारलं.

मार्सेलने छत्रीचं टोक उजवीकडच्या गवताकडे केलं. "तिथे. पडा, झोपा, रडा, काय हवं ते करा. पण तिथे. मधोमध थांबायचं नाही. तुमच्यामागे येणाऱ्या प्रत्येकाने वर्षभर या चढाची वाट बघितलेली असते. मधोमध थांबणाऱ्याला या गावात कुणी कॉफी देत नाही."

"याला दोनदा सांगा," शांत्या मला कोपरखळी मारत म्हणाला. "आमच्या भरत्याला डावं-उजवं अजून कळत न्हाई."

मी हसलो. सहा वर्षं मी त्याच्या सगळ्या विनोदांवर हसत होतो.

त्याचं माझ्याशी वागणं चांगलं होतं. आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी त्याने पहिल्याच दिवशी माझ्यासमोर ठेवली. माझ्या सायकलीची साखळी तो स्वतःच्या सायकलीबरोबर पुसायचा. मला ताप आला तेव्हा सरांना न सांगता दोन दिवस माझ्या वाटच्या गाईंचं शेणही त्याने काढलं. तो जितका चांगला वागायचा तितकं ते मला नकोसं व्हायचं.

कारण ऑक्टोबर २००३ मध्ये दसऱ्याच्या शर्यतीत, शेवटच्या साठ मीटरवर, त्याच्या डाव्या कोपराने माझा भाऊ खाली गेला होता.

दादा, म्हणजे महावीर, तेव्हा चोवीस वर्षांचा होता. ती शर्यत जिंकणाऱ्याला रेल्वेत खेळाडूंच्या जागेवर घेतील, हे सगळ्यांना माहीत होतं. दादा पुढे होता, शांत्या त्याच्या उजवीकडून येत होता. मी रेषेच्या पलीकडे पाण्याची बाटली घेऊन उभा होतो. मला कोपर दिसलं. बाहेर आलं, दादाच्या हँडलला लागलं, परत आत गेलं. दादा मैलाच्या दगडावर पडला. खुब्याचा गोळा फुटला. दोन ऑपरेशनं झाली, एक पाय दीड इंच आखूड राहिला. जानेवारीत शांत्या रेल्वेत लागला.

मी पंचांना सांगितलं. ते म्हणाले, "बाळ, तू त्याचा भाऊ आहेस. तुला दिसणारच." त्यांनी लिहिलं, चाक घसरून अपघात. मग मी दादाला सांगितलं. तो पलंगावर पाय बांधून पडलेला होता. म्हणाला, "पडलो मी. कसा पडलो ते मला ठावं हाय. परत हा विषय काढायचा न्हाई." शांत्या दर आठवड्याला मोसंबी घेऊन यायचा आणि दादा त्याला बसवून घ्यायचा.

त्यानंतर मी सायकलीला हात घातला. तोवर मी कबड्डी खेळत होतो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी मार्सेलच्या गोठ्याबाहेर आम्ही चाकं तपासत होतो. सर एका उलट्या बादलीवर बसून नकाशावर पेन्सिलीने खुणा करत होते. एकशे अठ्ठेचाळीस किलोमीटर. होलेबेर्ख तीनदा. तिसऱ्यांदा एकशे एकतिसाव्या किलोमीटरला.

"तिथंच निकाल लागणार," सर म्हणाले. "तिसऱ्या चढाला जो पुढं, तो तिसांत. पुढचं सगळं सपाट हाय."

"शांतिदादा," मी म्हटलं, "तिसऱ्या चढाला माझं चाक धर."

शांत्याने चाकावरून नजर काढली. "तुझं?"

"दगडांतली वाट मला सापडलीय. सातदा चढलोय, एकदा पण पाय टेकला न्हाई. तू माझ्या चाकाला चिकटून ये. माथ्यापास्नं सपाटीला तू पुढं राहून वारा अडव, मला ओढ. तिथं तू माझ्यापेक्षा भारी हाईस."

"आणि शेवटच्या दोनशे मीटरला?"

"तिथं ज्याचं त्यानं बघायचं."

त्याने हात फडक्याला पुसून पुढे केला. "चालतंय की. दोघंबी तिसांत जाऊ. मग खोलीसाठी भांडू."

सर खूश झाले. "असं पायजे," ते म्हणाले. "हे गोरे एकमेकांचं चाक धरत्यात म्हणून जिंकत्यात. आपली पोरं एकमेकांचे पाय वढण्यात गुंग."

सकाळी अकराला शर्यत सुटली तेव्हा पाऊस नव्हता. पहिल्या चढाला सुरू झाला. दुसऱ्या चढाला ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल रस्त्यावर आणून ठेवला होता. एकशे साठ जण निघाले होते. दर वळणाला चार-सहा कमी होत होते. माझे हात मनगटापर्यंत बधिर झाले होते. दगडांवरून जाताना दात एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मी जीभ मध्ये धरली होती, तिचं रक्त तोंडात येत होतं.

एकशे सव्वीस किलोमीटरला शांत्या बाजूला आला.

"हाईस का?"

"हाय."

"किती उरलंय पायात?"

"पुरतंय."

"मग चल की, वाघा. बसलो तुझ्यामागं."

चढाच्या तोंडाशी रस्ता एका कोठाराला वळसा घालून अचानक अरुंद होतो. तिथे पुढे शिरण्यासाठी जी रेटारेटी होते ती शर्यतीतली खरी मारामारी. मी डावीकडून अंग घातलं आणि बारावा शिरलो. मागे वळून बघायची गरज नव्हती. शांत्याचा श्वास मला ओळखू येतो. बाहेर सोडताना तो हूं म्हणतो. तो हुंकार माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर होता.

पहिले दोनशे मीटर मी खरोखरच चांगला चढलो. मधल्या फुगवट्यावर चाक ठेवलं, बसून राहिलो, हात सैल. पुढच्या अकरा जणांपासून मी तुटत नव्हतो. मला तेव्हा स्पष्ट कळलं की मी तिसांत जाणार आहे. शांत्याही जाणार होता. आणि सपाटीला तो मला शेवटपर्यंत ओढणार, मग दोनशे मीटरवर मला मागे टाकणार, हेही कळलं. तो सप्टेंबरपर्यंत त्या खोलीत राहणार होता.

बुटाची पट्टी पेडलमध्ये अशी अडकते की पाय वर ओढला तर सुटत नाही, मागे ओढला तरी सुटत नाही. तो सोडवायचा एकच मार्ग आहे. टाच बाहेरच्या बाजूला वळवायची.

मी टाच वळवली.

साडेचारला आम्ही मार्सेलच्या अंगणात नळी लावून सायकली धूत होतो. मी अडतिसावा आलो होतो, शांत्या बावन्नावा. त्याच्या डाव्या कोपराचं कातडं सोललं होतं आणि ब्रेकची दांडी तुटून लोंबत होती.

"काय झालं रे भरत?" सरांनी विचारलं.

"पाय निसटला, सर."

"पावसात व्हतंय तसं," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता त्यांनी खिशातला नकाशा काढला, चार घड्या होत्या त्याच्या आठ केल्या आणि परत ठेवला.

मार्सेल नळ बंद करायला आला. माझ्यासमोर थांबला. "उजवीकडे गवत होतं," तो म्हणाला आणि आत गेला. थोड्या वेळाने त्याची बायको कॉफी घेऊन आली. ट्रेमध्ये दोन कप होते. एक तिने सरांना दिला, एक शांत्याला.

मी दादाला फोन लावला.

"कितवा?"

"अडतिसावा. पाय निसटला."

"आणि शांत्या?"

"बावन्न."

"लागलं तर न्हाई ना त्याला?"

"कोपराला खरचटलंय."

"हळद लाव म्हणावं," दादा म्हणाला. "तुला काय झालं न्हाई ना?"

मी नाही म्हटलं. दादाला सांगायचं वाक्य मी सहा वर्षं तयार ठेवलं होतं. ते तोंडातून बाहेर पडलं नाही.

फोन ठेवून मी गोठ्यात गेलो. शांत्या तिथे होता. कॉफीचा कप त्याने गव्हाणीच्या कठड्यावर ठेवला होता. अजून भरलेला होता.

"पी," तो म्हणाला. "मला नको."

"मलाबी नको."

"सर काय म्हणाले?"

"पावसात व्हतंय म्हणाले."

"व्हय." तो कोपरावर कापूस दाबत होता. "भरत्या, निसटलेला पाय कसा असतोय ठावं हाय? वर उडतोय. गुडघा छातीला लागतोय. तुझी टाच वळली. माझं डोकं तुझ्या टाचंपासनं दीड हातावर होतं. बघितलं मी."

गाई चरायला गेलेल्या होत्या, गोठा मोकळा होता.

"आणि गवतात न्हाई गेलास. मधोमध उभा राहिलास. वर बघालावतास, मागं न्हाई. मागं बघितलं असतंस तर मी म्हटलं असतं, घाबरलाय."

"तुझं कोपर मी बघितलं होतं," मी म्हटलं. "तेव्हा माझं कुणी ऐकलं न्हाई."

कापूस त्याच्या हातातच राहिला. त्याला कळायला वेळ लागला असं मला वाटलं. किंवा त्याने तसं दाखवलं असेल. मी त्या चेहऱ्याचा नंतर पुष्कळ विचार केला आहे, माझं ठरलेलं नाही.

"लागलं होतं," तो म्हणाला. "मारलं नव्हतं. हँडल हललं माझं. महावीरला पहिल्याच दिवशी सांगितलं मी, दवाखान्यात. तो म्हणाला, ठावं हाय."

"खोटं."

"विचार जा त्याला."

"आणि नोकरी घेतलीस."

"घेतली. सोडली असती तर त्याचा पाय वाढला असता?" तो उठला. "सहा वर्षं माझ्या ताटातलं खाल्लंस, लेका. एकदा विचारायचं होतंस. एकदा. मी पाया पडलो असतो तुझ्या."

"आता फिटलं," मी म्हटलं.

"तुझं फिटलं असंल," शांत्या म्हणाला. आवाज जराही चढलेला नव्हता. "माझं आज सुरू झालंय."

चार दिवसांनी आम्ही परतलो. विमानात सर मध्ये बसले.

मी दादाला कधी विचारलं नाही. विचारायचं तर कशासाठी विचारतो आहे ते सांगावं लागलं असतं. मी शर्यती सोडल्या, मिरजेत सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. शांत्याने दोन वर्षांनी खेळ थांबवला आणि तो सरांच्या हाताखाली शिकवू लागला. सरांनंतर क्लब त्याच्याकडे आला. आज जिल्ह्यात त्याच्या तोडीचा प्रशिक्षक नाही. हे त्याचे विरोधकही म्हणतात आणि मीही म्हणतो. रस्त्यात भेटला तर मान हलवतो. दुकानात मुलांच्या सायकली पाठवतो. त्याने माझं काहीही वाईट केलं नाही. वर्षामागून वर्ष, काहीही नाही. सुरुवातीला मी वाट बघायचो. नंतर वाट बघतोय हेही विसरलो.

दादाची मुलगी सन्मती एकोणीस वर्षांची आहे. चढाला ती माझ्याहून चांगली आहे. दोन वर्षांपूर्वी दादा लंगडत दुकानात आला आणि म्हणाला, "शांत्या म्हणतोय, पोरगीला माझ्याकडं द्या. देऊ का?"

माझ्या हातात पाना होता. मी तो नटवर बसवला, फिरवला, काढला.

"दे की," मी म्हटलं.

या मार्चमध्ये शांत्याने चार मुलींना वेल्डेगेमला नेलं. मार्सेल आता नाही, क्लब आहे. खोली अजून एकच आहे. गावच्या शर्यतीत आता मुलींचीही शर्यत असते. एकदाच चढायचं असतं, पण चढ तोच.

आज रविवार आहे. तिथे दुपारी एकला शर्यत सुटली, आपल्याकडे साडेचारला. दादा दुकानात माझ्या शेजारी खुर्चीवर बसला आहे, आखूड पाय स्टुलावर. क्लबाच्या पानावर दर काही मिनिटांनी नंबरांची यादी येते. सन्मती सगळा वेळ पहिल्या विसांत आहे.

सहा वाजून नऊ मिनिटांनी माझ्या मोबाईलवर शांत्याचा निरोप आला. इतक्या वर्षांतला पहिला. लिहिलं होतं: "होलेबेर्खच्या पायथ्याशी उभा आहे. सन्मती जोरात आहे. चढावर तिच्या पुढे आपलीच एक पोरगी ठेवली आहे. काळजी नसावी."

"कुणाचा रे?" दादाने विचारलं.

"शांत्याचा."

"काय म्हणतोय?"

मी वाचून दाखवलं.

"बघ," दादा म्हणाला. "किती जपतोय तिला."

सहा वाजून चौदा मिनिटांच्या यादीत सन्मती सतरावी आहे, चढाच्या तोंडाशी. तिच्या वर, सोळाव्या जागी, क्लबाचीच दुसरी मुलगी आहे. आता सहा वाजून एकतीस झाले आहेत. पुढची यादी अजून आलेली नाही.